मुकी प्रार्थना

पाद्रीबाबा आपल्या म्हशीजवळसुद्धा राज्याचं बोलायचे नाहीत. हसू नका, मी माझ्या कानांनी ऐकलंय. आमचा मेंढरांचा वाडा आणि त्यांचं प्रार्थनामंदिर, मधे एक दगडी गडगा, तोही कमरेएवढा. सकाळी म्हैस पिळताना ते तिच्याशी बोलत बसायचे. पाऊस, सरकी, गोचीड, रेडकाचं पोट, सगळं बोलायचे. पण आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, गडग्यावरून विचारलं, "काय बाबा, बाळापूरच्या बाजारात काय ऐकू आलं? निजाम ऱ्हातो का जातो?" की बाबा चरवी उचलून थेट घरात. दूध अर्धंच पिळलेलं. म्हैस बिचारी मान वळवून बघत राहायची.

"उंबऱ्याच्या आत आभाळाचं बोलावं माय, उंबऱ्याच्या बाहेर म्हशीचं," ते घरातून म्हणायचे. "राज्याचं कुठंच बोलू न्हाई."

"मग मी निजामाला म्हैस म्हणूनच इचारते," आत्याबाई म्हणायच्या. "दूध देऊन राहिली का आटली?"

त्यावर दार लागायचं.

मी पुसेगावाकडची. लग्न होऊन ह्या गावात आले तेव्हा पहिल्यांदा पाद्री नावाचा माणूस पाहिला. मला वाटायचं पाद्री म्हणजे गोरा साहेब असणार. हे तर आमच्याहून काळे, उंच, पाठीत वाकलेले, धोतरावर पांढरा झगा घालणारे. त्यांचं नाव कधी कोणी घेतलं नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. गावकुसाबाहेर ख्रिस्ती झालेली थोडी घरं होती, त्यांचे ते पाद्री. पण लेकराला ताप आला, शेळी आडली, की आम्ही धनगरही गडग्यावरून त्यांनाच हाक मारायचो आणि ते झग्याच्या बाह्या वर सारून यायचे.

आता त्यांच्या भीतीचं सांगते. तो माणूस निम्मा भीतीचाच केलेला होता.

त्यांच्या डोक्यावर दोन हुकूम होते. एक निजाम सरकारचा. तहसिलीत बोलावून सगळ्यांना, देवळाच्या पुजाऱ्याला, मठाच्या महाराजाला आणि ह्यांनाही बजावलं होतं, की देवाच्या जागेत फक्त देवाचं काम करायचं. तिथं सभा घेतली, भाषण केलं, राज्याची गोष्ट काढली, तर जागेला कुलूप. दुसरा हुकूम त्यांच्या मिशनचा. पाद्र्यानं कुठल्या पक्षात जायचं नाही, मोर्च्यात पाय टाकायचा नाही. टाकला तर झगा काढून घेऊ. त्या सरकारी हुकमात एक ओळ बाबांच्या बाजूची होती, तेवढीच ते जरा मोठ्यानं म्हणायचे. चालू प्रार्थनेत कोणी दखल द्यायची नाही.

म्हणायचे म्हणजे, दर रविवारी म्हणायचे. त्यांच्याकडे घंटा नव्हती, लिंबाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता. तो वाजवायचे, मग उंबऱ्यावर उभं राहून सगळा हुकूम पाठ म्हणायचे, लहान पोरानं पाढे म्हणावेत तसा. दाराशी स्टुलावर जमादार बसलेला असायचा. बाळापूरच्या चौकीतून त्याला दर रविवारी पाठवत, आत काय बोलतात ते ऐकायला. वयस्क, खोकला लागलेला, सभ्य मुसलमान माणूस. ईदेचं बोकड आमच्याच वाड्यातून न्यायचा.

"जमादारसाहेब, बराबर?" बाबा विचारायचे.

"बराबर," जमादार म्हणायचा. ऐकून ऐकून त्यालाही सगळा हुकूम पाठ झाला होता. बाबा कुठं अडखळले तर तोच पुढचा शब्द द्यायचा.

टोपीचं सांगायचं राहिलंच. त्या दिवसांत चळवळवाल्यांसारखी पांढरी टोपी घातलेला माणूस दिसला की त्याला चावडीवर बोलवायचे. बाबांकडे एकच टोपी होती, ती पांढरी. त्यांनी ती आमच्याकडे आणून दिली आणि आत्याबाईंना म्हणाले, हळदीत बुडवा. आत्याबाईंनी बुडवली. ती अशी पिवळीधमक निघाली, की लोक त्यांना खंडोबाचा वाघ्या म्हणायला लागले. मग टोपी सुटली, उघड्या डोक्यानं छत्री घेऊन फिरायला लागले. छत्रीही कशी, चावडीवरून जाताना चावडीच्या बाजूला आडवी धरायची. ऊन दुसऱ्या बाजूनं असलं तरी.

एका रविवारी त्यांना झग्याची काळजी लागली. जमादाराला म्हणाले, "साहेब, टोपी पांढरी चालत न्हाई, मग झगा चालतो का?"

जमादार खोकत खोकत हसला. "पाद्रीसाब, झगा तो अल्ला के घर का है. टोपी की बात अलग."

तरी बाबांनी पुढचे दोनचार रविवार झगा चुलीच्या धुरात टांगून थोडा मळवून घेतला.

त्यांच्या पोथीत एक गोष्ट आहे म्हणे, एका दुष्ट राजाच्या मुलखात गुलाम झालेले लोक सगळे मिळून निघून जातात आणि त्यांच्या मागं लागलेला राजा समुद्रात बुडतो ती. ख्रिस्ती घरांतल्या म्हाताऱ्यांना ती फार आवडायची, वर्षातून एकदा सांगायलाच लावायच्या. बाबा ती सांगायचे, पण राजा काढून टाकून. मी गडग्याला टेकून ऐकलीय. "मग त्या लोकांना तिथून निघायचं झालं." कोणी पोरगं विचारायचं, काहून? "काही घरगुती कारणानं," बाबा म्हणायचे.

जमादार मोठा हुशार. मुसलमानांतही ती गोष्ट आहे, म्हणून त्याला ठाऊकच होती. तो मागून विचारायचा, "और वो बादशाह का क्या हुआ, पाद्रीसाब?"

बाबांच्या कपाळाला घाम. "त्यांना, त्यांना पुढं पाण्याची थोडी तकलीफ झाली."

म्हाताऱ्या पदरात तोंड खुपसून हसायच्या. बाबा नाही हसायचे. त्यांचे हात झग्याच्या आत थरथरत असायचे, ते लांबूनही दिसायचं.

मग ते साल आलं. इंग्रज गेले. पैनगंगेच्या पलीकडे, वऱ्हाडात झेंडे लागले, आणि अलीकडे आम्ही तसेच. आमच्या मुलखात सरकारच्या बाजूच्या हत्यारी टोळ्या लॉऱ्यांतून फिरायला लागल्या. लॉरीचा आवाज आला की बाया ज्वारीत लपायच्या. मी सुद्धा लपलेय. ज्वारीची पानं अंगाला कापतात, पण त्या वेळी कळत नाही, घरी आल्यावर आग होते.

बाबांपुढं नवाच पेच पडला. रविवारच्या प्रार्थनेत सरकारचं भलं मागायची त्यांची जुनी पद्धत होती. आता मागितलं तर ते राजकारण, आणि अचानक सोडलं तर तेही राजकारण. सरकार म्हणजे कोणतं, हेही कोणी विचारायची सोय नव्हती. बाबा चार दिवस जेवले नाहीत. आणि रविवारी म्हणाले, "आता जे मागायचं ते मनातल्या मनात मागू. मी आमेन म्हणेपर्यंत कोणी मान वर करायची न्हाई, कोणी बोलायचं न्हाई."

असं ते मुकी प्रार्थना नावाचं सुरू झालं. गडी माणसं घोंगडी डोक्यावरून घेऊन गुडघ्यावर वाकायची, बाया पदर ओढून घ्यायच्या. सगळं मंदिर पोती रचून ठेवल्यासारखं दिसायचं. आधी ती थोडा वेळ चालायची. मग लांबत गेली, कारण ज्याच्या त्याच्या घरातलं कोणी ना कोणी पळालेलं, धरलेलं, मारलेलं असायचं. आमच्यासारखे दुसऱ्या धर्माचेही येऊन गडग्याशी उभे राहायचे. कोणाच्या मनात काय, ते कोणाला लिहून नेता येत नव्हतं.

जमादार एकदा म्हणाला, "क्या मांगते इत्ती देर?"

"ज्याला त्याला ठाऊक, साहेब," बाबा म्हणाले. "मी तर फक्त पाऊस मागतो."

आमचे मालक त्या हिवाळ्यात नदी ओलांडून पलीकडे, निजामाशी लढणाऱ्यांच्या कॅम्पात गेले. मला दिवस होते. जाताना काही बोलले नाहीत, मेंढरांना पाणी पाजायला म्हणून गेले ते गेले. चार दिवसांनी कळलं. चावडीवर त्यांचं नाव लागलं, वाड्यावर पाळत बसली. सापडले तर काय होणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या गावातला एक जण सापडला होता, त्याला विहिरीच्या रहाटाला बांधून गोळी घातली होती.

आत्याबाई गडग्यावर गेल्या. "बाबा, येत्या रविवारी माझ्या लेकाचं नाव घ्या. मोठ्यानं घ्या. तुमच्या देवाला तरी ऐकू जाईल, आमच्या खंडोबाजवळ घेऊन घेऊन मी थकले."

बाबांनी चरवी खाली ठेवली नाही, तशीच छातीशी धरली. "माय, नाव घेतलं की मंदिराला कुलूप लागतं. ही घरं माझ्या जिवावर हायेत. मुक्यानं घेतो."

"मुक्यानं घेऊन काय उपेग? भेकड आहात बाबा तुमी."

"व्हय," बाबा म्हणाले. "मी कुठं न्हाई म्हणतो?"

त्या दिवसापासून आत्याबाईंनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. म्हशीशी बोलायच्या, त्यांच्याशी नाही.

मला पोरगं झालं. आखाड लागला होता, आभाळ भरून यायचं, एखादी सर पडायची आणि नुसतं उकडायचं. पोरगं झाल्याचं कसं कोण जाणे पलीकडे कळलं, आणि एका रविवारी उजाडताना मालक वाड्यात. अंगावर मळकी घोंगडी, दाढी वाढलेली. मला आधी ओळखूच आले नाहीत. पोराला हातात घेतलं, म्हणाले, "कान माझ्यासारखे हायेत." तेवढंच. मग लॉरीचा आवाज आला. एक नाही, दोन. कोणीतरी खबर दिली होती.

ज्वारीकडे जायला वाट राहिली नव्हती. तेवढ्यात पलीकडे रुळाचा तुकडा वाजला. ख्रिस्ती घरांतले लोक आत चालले होते. मालकांनी उडी मारून गडगा ओलांडला आणि त्या लोकांत मिसळून ते आत गेले. आत्याबाईंनी माझ्या दंडाला धरलं. मला सव्वा महिना झाला नव्हता, मी खोलीबाहेर पडायची नव्हते, पण त्यांनी मला पोरासकट ओढत तिकडेच नेलं. म्हणाल्या, "घरात राहिलीस तर पोरावर हात ठेवून तुला इचारतील. चल."

आम्ही बायांच्या बाजूला बसलो. बाबा उंबऱ्यावर हुकूम म्हणत होते. जमादार आला. त्याच्या मागं लॉरीतले दोघं बंदुका घेऊन बाहेर थांबले. त्यांनी जमादाराला मोठ्यानं सांगितलं, ते आम्ही ऐकलं. "आदमी अंदरच है. बाहर निकलते वक्त एकेक की शक्ल देख."

बाबांनी हुकूम संपवला. ह्या खेपेला 'बराबर?' असं विचारलं नाही. वळून आत आले, आणि त्यांना घोंगडीतले आमचे मालक दिसले. मी बाबांचं तोंड बघत होते. माणसाचं रक्त कसं खाली उतरतं ते मी त्या दिवशी पाहिलं. ओठ पांढरे झाले. दर रविवारी आधी गाणं असायचं, मग पोथी, मग बोलणं, आणि शेवटी मुकी प्रार्थना. बाबांनी गाणं म्हटलं नाही, पोथी उघडली नाही. नुसते म्हणाले, "मुकी प्रार्थना."

सगळे वाकले. घोंगड्या डोक्यावर आल्या. कोणता गडी कोण, काही कळेना.

आता काय सांगू तुम्हाला तो वेळ. बसलात की नाही कधी श्वास धरून, तसा सगळा तो दिवस. उकाडा, घोंगड्यांचा वास, माशा. एक म्हातारी कण्हायची आणि स्वतःच पदर तोंडात कोंबायची. एका लेकरानं बसल्या जागी लघवी केली, तिचा ओघळ माझ्या पायाशी आला, मी पाय हलवला नाही. माझं पोरगं तोंड वाकडं करायला लागलं की मी त्याला छातीशी धरायची. पोट भरलेलं असलं तरी धरायची. मला एकच दिसत होतं, पुढच्या रांगेतली ती मळकी घोंगडी, आणि तिच्याखालून बाहेर आलेली मालकांची टाच. बाकीच्यांच्या टाचा चिखलानं काळ्या झालेल्या. ह्यांची नदीच्या वाळूनं पांढरी. मला वाटायचं, जमादाराला दिसतेय. त्याला नक्की दिसतेय.

ऊन कलायला लागलं. बाहेरचे कंटाळले आणि दारात आले. "बस करो ये नाटक. खतम करो."

मी पदराआडून बाबांकडे पाहिलं. ते उभेच होते, डोळे मिटलेले. त्यांचं तोंड उघडलं, ओठ हलले, आणि मिटलं. मला वाटलं, देवाशी बोलून राहिले.

आणि मग स्टुलावरून जमादार उठला. खोकला. म्हणाला, "हुजूर, सरकारी हुकुम है. चलती इबादत में कोई दखल नईं. आमेन होने दो, मैं एकेक कू देखतूं."

"तू किसकी तरफ है रे?"

"मैं तो हुकुम की तरफ है, हुजूर. कल मेरे कू पूछे तो?"

ते शिव्या देत मागं झाले. थोड्या वेळानं लॉरीचा भोंगा वाजला, त्यांना दुसऱ्या कुठल्या गावी जायचं होतं. जाताना जमादाराला तंबी दिली, की माणूस सुटला तर तुझी कातडी जाईल.

मग एकटा जमादार राहिला. तोही आमच्यासारखाच भुकेला, सकाळपासून पाण्याचा घोट नाही. दिवस मावळतीला आला तेव्हा तो उठला, आडावर जाऊन हात-पाय-तोंड धुतलं, लिंबाखाली रुमाल अंथरला आणि नमाजाला उभा राहिला. त्यांचं तोंड मावळतीकडे असतं. दार त्याच्या पाठीकडे.

आत्याबाईंनी पुढच्या रांगेत नुसता खडा फेकला. घोंगडी हलली. मालक उठले, माझ्याकडे बघितलं नाही, दारातून गेले, जमादाराच्या पाठीमागून, गडग्याला धरून, ज्वारीत. ज्वारीची पानं वाजली तेवढीच. जमादार वाकला, उठला, पुन्हा वाकला. त्याचा नमाज मी पुष्कळदा पाहिला होता. त्या दिवशी तो संपता संपेना.

नंतर तो परत येऊन स्टुलावर बसला. अंधारून आलं तरी आमेन काही होईना. आत सगळे वाकलेलेच, बाबा खांबासारखे उभे. शेवटी आत्याबाई उठल्या, लुगडं झटकलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या देवाचा शब्द उच्चारला.

"आमेन. आमेन बाबा, आमेन. गुडघे मोडले लेकरांचे."

लोक उठले, काही उठताना पडले. जमादारानं कंदील धरून दारात एकेकाचं तोंड बघितलं. माझ्या पोराचंही बघितलं. "मर्द कोई नया नईं," म्हणाला आणि खोकत गेला. पुढं त्याची बदली कुठं झाली, कातडी राहिली का गेली, आम्हाला कधी कळलं नाही. आत्याबाईंनी ईदेचं एक बोकड त्याच्या नावानं बरेच दिवस विकलं नाही.

मालक पैनगंगा ओलांडून सुखरूप पोचले. भादव्यात, ज्वारी पोटऱ्यात आली तेव्हा हिंदी फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, आणि मालक टोपी घालून उजळ माथ्यानं घरी आले. गावात सभा भरली. मालक म्हणाले, पाद्रीबाबांचा सत्कार पहिला. सगळं सरकारी दडपण छातीवर घेऊन ह्या माणसानं दिवसभर प्रार्थना थांबवली नाही, असा मर्द आमच्या गावात दुसरा नाही. लोक हार घेऊन मंदिराकडे गेले. बाबा सापडेनात. घरात नाहीत, आडावर नाहीत.

मला सापडले. गोठ्यात, म्हशीच्या पलीकडे, कडब्याच्या पेंढ्यांआड बसले होते. मी पोराला काखेत घेऊन गेले होते.

"बाबा, लोक हार घेऊन आलेत."

"सभा हाय ती, लेकी. सभेत पाय टाकायचा न्हाई मला. ते सरकार गेलं, मिशन गेलं न्हाई." हात तसेच थरथरत होते. राज्य बदललं हे त्या हातांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मी म्हटलं, "तुमच्यामुळं ह्याचा बाप जिवंत हाय. तुमी त्या दिवशी आमेन म्हणला असता तर?"

बाबा म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"खरं सांगू का, लेकी? मला म्हणायचं होतं. ते दारात आले तेव्हा मी म्हणणारच होतो. लोक उठतील, ज्याचं जे व्हायचं ते होईल, कुलूप तरी लागणार न्हाई, असं वाटलं. तोंड उघडलं मी. आवाजच फुटला न्हाई. मग अंधार पडेपर्यंत मनात आमेन म्हणून राहिलो, म्हणून राहिलो. घशातून निघालंच न्हाई."

बाहेर लोक त्यांच्या नावानं ओरडत होते. पोरगं त्यांच्या झग्याला हात घालत होतं, त्यांनी त्याची मूठ हळूच सोडवली.

"हे त्याच्या बापाला सांगू नको," ते म्हणाले. "त्याला सभेत बोलायचं असतं."

मालक पुढं पुष्कळ सभांत बोलले. दर सभेत पाद्रीबाबांच्या हिमतीची गोष्ट सांगायचे, आणि सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. मी बायांत बसलेली असायची. ते गेले, त्यालाही आता वर्षं झाली. मी त्यांना सांगितलं नाही.